साधी आधी, खरी नंतर

२ जानेवारी

"आधी साध्या अंड्यांवर हात गरम कर, मग खऱ्यांना हात लाव." सतरा वर्षांपूर्वी, या प्रयोगशाळेतल्या माझ्या पहिल्याच आठवड्यात बाई हे म्हणाल्या होत्या. त्याआधी माझी बोटं त्यांनी स्वतःच्या मुठीत धरून पाहिली आणि म्हणाल्या, किती गार हात आहेत गं तुझे.

कोंबडीच्या उबवलेल्या अंड्याला नखाएवढी खिडकी पाडायची. केसाइतक्या बारीक काचेच्या सुईने आतल्या गर्भाच्या पाठीवर औषधाचा थेंब सोडायचा. विजेचा हलका झटका दिला की औषध पेशींत शिरतं. मग खिडकीवर चिकटपट्टी. पहिल्या सात-आठ अंड्यांना हात बुजतो, म्हणून साधी आधी. साधी म्हणजे तुलनेसाठीची, त्यांत निरुपद्रवी द्रावण सोडतात. खरी म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. मी हा नियम सतरा वर्षांत एकदाही मोडलेला नाही.

आज बाईंची खुर्ची माझ्या खोलीत आली. त्या निवृत्त झाल्या तेव्हापासून, म्हणजे ऑगस्टपासूनच, कागदोपत्री त्यांची प्रमुखाची जागा माझी आहे, पण खुर्ची आज शिपायाने उचलून आणली. बसल्यावर कळलं की ती डावीकडे कलते. म्हणजे इतकी वर्षं बाई तिरक्या बसून आम्हाला सरळ करत होत्या.

ही वही त्याचसाठी घेतली. प्रयोगाच्या वहीत लिहिता येत नाही ते इथे लिहायचं.

३ जानेवारी

जेवताना नवऱ्याने विचारलं, एप्रिलमध्ये समितीला नक्की काय दाखवणार. प्रयोगशाळा पुढे चालू ठेवायची की बंद करायची, हे ती समिती ठरवणार आहे. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दोर, कप्पी, वजन या भाषेत सांगितलं की त्याला माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर कळतं.

म्हटलं, प्रत्येक पेशीच्या आत अ‍ॅक्टिनचे धागे असतात. पेशीचा सांगाडाच, पण हाडांसारखा कायमचा नाही. मिनिटामिनिटाला विणला जातो आणि उसवला जातो. उसवायचं काम करणारं एक प्रोटीन आहे, त्याला आम्ही कात्री म्हणतो. ती जुने धागे कापते म्हणून नव्यांना माल मिळतो. कात्रीच नसेल तर सगळं ताठून बसतं. आणि कात्री मोकाट सुटली तर ओढायला धागाच उरत नाही.

"म्हणजे उसवणारा हवा, पण त्याच्यावर मुकादम हवा."

अगदी तेच. गर्भाच्या पाठीवर पेशींची एक सपाट पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा वर उठतात, एकमेकींकडे झुकतात आणि मिटतात, की नळी तयार होते. त्या नळीचाच पुढे मेंदू होतो. पट्टी वळते ती पेशींची तोंडं आवळली गेल्यामुळे, बटव्याची नाडी ओढल्यासारखी. ती नाडी अ‍ॅक्टिनची. तेरा वर्षांपूर्वी मी आणि बाईंनी दाखवलं की कात्रीला आवरणारं एक प्रोटीन आहे. आम्ही त्याला लगाम म्हणतो. खऱ्या अंड्यांतल्या औषधाने लगाम कमी केला की कात्री मोकाट सुटते, नाडी तुटते आणि नळी उघडी राहते. पेपरवर पहिलं नाव माझं, शेवटचं बाईंचं. कॉरिडॉरमध्ये बाईंचा सत्काराचा फोटो आहे, तो त्याच पेपरचा.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि ताटं उचलली. नंतर बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. दोनच ताटं होती.

८ जानेवारी

चिमणीशी बोलणं झालं. हे नाव मीच पाडलं, प्रत्येक आकड्याला टोचून बघते म्हणून. तीन वर्षं माझ्याकडे पीएचडी करते आहे. पेशीच्या आत लगाम कात्रीला कुठे धरून ठेवतो, हे शोधायचं तिचं काम. त्यासाठी आधी नळी उघडी राहिलेली दाखवता यायला हवी, आणि तिथेच तिची गाडी अडली आहे. अकरा वेळा प्रयोग केला. साध्यांतली चार-पाच उघडी, खऱ्यांतलीही चार-पाच.

हा निकाल नव्हे, हा कच्चा हात आहे, असं मी तिला सांगितलं. तिच्या पद्धतीतही शिस्त नाही. साधी आणि खरी अंडी ती एकाच ट्रेमध्ये मिसळते, पत्ते पिसावेत तशी, आणि हाताला येईल ते उचलते. कुठलं कुठलं ते पेन्सिलीने तळाशी लिहिलेलं असतं. विचारलं तर म्हणते, मोजताना मन फितूर होऊ नये म्हणून. मी म्हटलं, मन फितूर होत नसतं, हात होतो. ती हसली नाही.

१७ जानेवारी

शेवटी काल मीच बसले. माझं जुनं टेबल अजून लेसरच्या खोलीत आहे. तिथला मायक्रोस्कोप तापू नये म्हणून खोली अठरा अंशांवर ठेवतात. चिमणी पलीकडच्या नव्या खोलीत काम करते, पण मला दुसरं टेबल चालत नाही.

दोन्ही ट्रे एकदमच बाहेर काढले. इनक्युबेटरचं दार पुन्हा पुन्हा उघडायचं नाही, हाही बाईंचाच नियम. सोळा साधी, पावणेदोन तासांत संपवून परत आत. मग सोळा खरी. चौदाव्या अंड्याला हात असा चालत होता की मला माझा हेवा वाटला.

नवरा न्यायला आला होता. दारातूनच म्हणाला, "इथे काय मढी ठेवता का गं? इतकं गार कशाला?" म्हटलं, अजून चार राहिलीत, स्वेटर घालून बस. तो बाहेर जाऊन बसला.

आज ठरल्या वेळी उघडली. साध्यांतली पंधरा मिटलेली. खऱ्यांतली अकरा उघडी. सतरा वर्षांनंतरही हात तोच आहे.

चिमणीला बोलावून दाखवलं. तिने मायक्रोस्कोपमधून एकेक पाहिलं आणि विचारलं, "ताई, मणी किती होते?"

गर्भाच्या पाठीवर मण्यांसारख्या जोड्या उमटतात, ठरावीक वेळाने एकेक. त्यावरून त्याचं वय कळतं. म्हटलं, खऱ्यांत तीन-चार जोड्या कमी असतात, नेहमीच. लगाम नसला की सगळंच मंदावतं. पेपरमध्ये आहे ते, पान सहा.

"पान सहा," ती म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. तिचं ते लिहून घेणं मला आवडलं नाही.

२४ जानेवारी

आज भांडणच झालं. तिने माझ्याच पद्धतीने काम केलं, माझ्याच टेबलावर, साधी आधी आणि खरी नंतर. सोळातली दहा उघडी आली. मला हायसं वाटलं. पण तिने ती तशीच पुन्हा इनक्युबेटरमध्ये ठेवली आणि दुपारी उघडून दाखवली. दहापैकी नऊ मिटलेली.

"ती उघडी नाहीत, ताई. ती उशिरा आहेत."

मी म्हटलं, खिडकी दोनदा उघडल्यावर गर्भ आकसतो, कडा नुसत्या एकमेकींवर पडतात, त्याला मिटणं म्हणत नाहीत. हे मी इतक्या ठामपणे म्हटलं की मलाच पटलं. तिने पातळ काप काढून दाखवते म्हटलं. मी म्हटलं, काप काढायला तुला वेळ आहे, मला नाही, एप्रिल तोंडावर आलाय.

आता लिहिताना वाटतं, काप बघायला काय हरकत होती? पण तीन वर्षांपूर्वी आलेली पोर मला माझ्या टेबलावर बसून शिकवते, याचाही काही राग असतो. तो मी कुठे ठेवू?

"उशिरा." हा शब्द दिवसभर डोक्यात आहे. उशीर झालेलं येतं तरी. सगळं काही येत नाही.

३० जानेवारी

बाईंना फोन केला. सगळं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, हात जड आहे तिचा. जड हाताच्या माणसाला या कामात ठेवणं म्हणजे त्याच्यावरही अन्याय आणि अंड्यांवरही. समितीसमोर दोन सूर लागायला नकोत. मणी मोजलेस का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कमीच आहेत, नेहमीसारखे. त्यावर त्या गुडघ्याबद्दल बोलू लागल्या.

६ फेब्रुवारी

चिमणीच्या मुदतवाढीचा अहवाल आज द्यायचा होता. मी लिहिलं, "मोजणीत घाई दिसते." मग घाई खोडून "बेपर्वाई" लिहिलं. घाईवर सहा महिने वाढवून देतात. बेपर्वाईवर देत नाहीत. हे मला माहीत होतं, म्हणूनच शब्द बदलला. निदान इथे तरी खरं लिहिते.

तिच्याइतकं डोळ्यात तेल घालून मोजणारं माणूस या मजल्यावर दुसरं नाही.

१३ फेब्रुवारी

ती गेली. टेबल इतकं स्वच्छ पुसून गेली की तिथे कोणी बसत होतं असं वाटू नये. हॉस्टेलची खोली महिनाअखेर सोडावी लागणार. तीन वर्षांचं काम, पदवी नाही. किल्ली द्यायला माझ्या खोलीत आली तेव्हा मी उभी राहिले, मग खुर्ची कलली म्हणून धरली.

"तुमच्या हाताला यश आहे, ताई," ती म्हणाली. "एकदा अंडी पिसून बघा. तेवढ्याने काही जात नाही."

मी म्हटलं, वडिलांना नमस्कार सांग. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. मी भेटायलाही गेले होते. हे मला ती जिना उतरल्यावर आठवलं.

२० फेब्रुवारी

आजचा दिवस आम्ही दोघं कामात घालवतो. चौदा वर्षं झाली.

पाचवा महिना होता. सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी हळूच पडदा स्वतःकडे वळवला, तेव्हाच मला कळलं. डोक्याकडची नळी मिटली नव्हती. वरचं काही तयारच झालं नव्हतं. मी काय खाल्लं नाही, काय उचललं, कुठे वाकले, सगळं सगळ्यांनी विचारून झालं. सासूबाईंनी विचारलं नाही, पण त्यांचं न विचारणं मोठ्याने ऐकू यायचं.

महिन्याभरात मी कामावर परतले. वर्षाने पेपर आला. मी नवऱ्याला समोर बसवून चित्र काढून दाखवलं: ही कात्री, हा लगाम, लगाम कमी पडला, नाडी तुटली. कोणाची चूक नव्हती. तुझी नाही, माझी नाही. त्याने ते चित्र घडी घालून पाकिटात ठेवलं होतं. अजून असेल का? विचारायचं धाडस नाही.

३ मार्च

आज एक वेंधळेपणा केला. समितीसाठी ताजे फोटो हवेत म्हणून बत्तीस अंडी काढली. मांडून बसले तर साध्यांचं द्रावण फ्रीजरमधून काढायलाच विसरलेली. गोठून दगड झालेलं. ते वितळेपर्यंत थांबून काय करायचं, म्हणून सतरा वर्षांत पहिल्यांदा खरी आधी घेतली. हात बुजला, पण जमलं. द्रावण वितळल्यावर साधी. चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं, डाव्या पायात उजवी चप्पल घातल्यासारखं.

४ मार्च

खरी सोळाच्या सोळा मिटलेली. साध्यांतली बारा उघडी.

खुणा उलटसुलट झाल्या म्हणून मी स्वतःला लाखोली वाहिली. एकेक अंडं उलटून तळ पाहिला. माझंच अक्षर. "सा" आणि "ख". उलटसुलट झालेलं नाही.

औषधाची बाटली बदलली असेल. फ्रीजरमध्ये काही झालं असेल. चिमणीने जाता जाता काही केलं असेल. हो, हेही मनात आलं. पुरता एक तास मी हे मानून बसले होते.

६ मार्च

बत्तीस अंडी घेतली. बत्तिसांतही साधंच द्रावण. एकाही अंड्यात खरं काही नाही. डावा ट्रे आधी, उजवा नंतर. उजव्यात एक थर्मामीटर ठेवला. डावा संपला तेव्हा पारा तेवीसवर होता. उजव्यातलं शेवटचं अंडं झालं तेव्हा एकोणिसावर. गर्भाला हवेत अडतीस.

७ मार्च

डाव्या ट्रेतलं एक उघडं. उजव्या ट्रेतली दहा.

उजव्यांचे मणी तीन-चार जोड्या कमी. मी ती पुन्हा आत ठेवली आणि इनक्युबेटरसमोर स्टूल घेऊन बसले. दुपारी उघडली. मिटली होती. एक सोडून सगळी, व्यवस्थित, काजाला बटण लावावं तशी.

लगाम नाही. कात्री मोकाट सुटलेली नाही. नाडी तुटलेली नाही. गार खोलीत माझी वाट बघत तीन-साडेतीन तास पडून राहिलेली अंडी होती ती. सतरा वर्षं मी माझे हात गरम करत होते आणि त्यांना गार पाडत होते.

चिमणी पिसायची म्हणून तिच्याकडे उशीर दोन्ही बाजूंना सारखा वाटला जायचा. तिच्या वहीत अकरा वेळा लिहिलेलं होतं. मी अकरा वेळा त्यावर "पुन्हा करा" असा लाल शेरा मारला.

कात्री खरी आहे, ती दुसऱ्यांनी दुसरीकडे दाखवली आहे. धागे, नाडी, पट्टी, सगळं खरं. खोटा आहे तो आमचा तुकडा. पण मी ज्यावर उभी होते तो तेवढाच होता.

९ मार्च

बाईंकडे गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघ्याला पट्टा बांधून त्या खिडकीशी बसलेल्या. दार शेजारणीने उघडलं. मी आकडे दाखवले. चष्मा न लावता त्यांनी कागद हातात धरला आणि परत दिला. माझी बोटं मुठीत घेतली, नेहमीसारखी. म्हणाल्या, अजून गारच.

"मणी मोजलेस?"

"मोजले. तीन-चार जोड्या कमी."

"हो. तेव्हाही तेवढेच कमी होते. मी तेव्हाच बसून मोजले होते."

मी विचारलं, मग? मग बोलला का नाहीत?

त्या खिडकीबाहेर बघत बोलल्या. म्हणाल्या, दवाखान्यातून येऊन तुला महिना झाला होता. रोज सकाळी यायचीस आणि मायक्रोस्कोपला डोळे लावायचीस. कोणाशी बोलायची नाहीस, डबा तसाच परत न्यायचीस. मग एक दिवस उघडी नळी दिसली आणि त्या दिवशी तू जेवलीस.

"मी ते तुझ्याकडून काढून घ्यायला हवं होतं का? तूच सांग."

जिना उतरताना उत्तर आलं: हो. तेव्हाच, त्याच दुपारी, ताटावरून उठवून. पण तोवर तिसरा मजला वर राहिला होता.

त्याआधी मी मुद्द्याचं विचारलं होतं. पेपर मागे घ्यायचा तर दोघींच्या सह्या लागतील. त्या म्हणाल्या, मी करणार नाही. या वयात मी माझ्या नावावर पाणी सोडू? माझ्यामागे कर हवं तर, तेव्हा तुझी एकटीची पुरेल. आणि हसल्या. मग शेजारणीला म्हणाल्या, हिला चहा कर, ही माझी मुलगीच आहे.

मी चहा प्यायले. तेही लिहून ठेवते.

दया केली म्हणे. केली असेलही. पण त्या दयेचा फोटो कॉरिडॉरमध्ये माझा नाही लागलेला, त्यांचा लागलाय. आणि हे तरी मी कोणत्या तोंडाने म्हणू? गेल्या महिन्यात एका मुलीचे मणी मीही मोजलेले होते, तरी बेपर्वाई लिहिलं. मला तर दयासुद्धा आली नव्हती.

१० मार्च

नवऱ्याला सांगितलं. खोली, ट्रे, थर्मामीटर. तो म्हणाला, अठरा अंश ना, मी म्हटलं होतं मढी ठेवता का. मग त्यानेच विचारलं.

"मग आपल्याचं काय झालं होतं?"

"माहीत नाही."

"मला कधीच माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तू सांगितलंस म्हणून मी धरून बसलो होतो. तुला बरं वाटत होतं."

म्हणजे दोघांनीही. बाईंनी आणि याने. तेरा वर्षं सगळे मला बरं वाटावं म्हणून गप्प, आणि मी त्यांना समजावून सांगतेय.

त्याने पाकीट काढून टेबलावर ठेवलं. उघडलं नाही. मीही उघडलं नाही.

१६ मार्च

मुदतवाढ ठरवणाऱ्या समितीला कळवलं की चिमणीबद्दलचा माझा अहवाल चुकीचा होता, तो मागे घ्यावा. आज दोन ओळींचं उत्तर आलं. प्रकरण बंद झालं आहे, जागा गोठवली आहे, आपल्या प्रामाणिकपणाची नोंद घेतली आहे. प्रामाणिकपणाची नोंद. ती आता माझ्या फाइलीत राहणार, तिच्या नाही.

पेपर मागे घेण्याबद्दल नियतकालिकालाही लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं, एका लेखिकेची सही नसेल तर नुसतं माझं म्हणणं पुरणार नाही. कुठलं अंडं कुठलं हे माहीत नसलेल्या माणसाने केलेली स्वतंत्र मोजणी जोडा. रास्त आहे. माझ्या मोजणीवर मीही विश्वास ठेवला नसता.

मजल्यावर कोणी तयार नाही. सगळ्यांचे बाईंशी चांगले संबंध आहेत.

१८ मार्च

शिपायाकडून कळलं, चिमणी बाजारापलीकडच्या रक्ततपासणी केंद्रात लागली आहे. सकाळी सात ते एक. म्हणाला, तिथे म्हणे लोक तिच्याच टेबलाशी रांग लावतात, सुई टोचलेली कळतच नाही.

हात जड आहे तिचा.

तिसऱ्यांदा पत्र लिहायला बसले आहे. पहिल्या दोन पत्रांत माफी इतकी होती की मागणं दिसतच नव्हतं. म्हणून आता आधी इथे लिहिते, उद्या उतरवून टाकीन.

"चिमणी,

मी अंडी पिसून बघितली. म्हणजे पिसली नाहीत, नुसता क्रम उलटला, तोही चुकून. ती उघडी नव्हती, उशिरा होती. तू म्हणालीस ते मी ऐकलं होतं. ऐकू आलं नाही असं कधी म्हणणार नाही.

अहवालात मी घाई लिहिलं होतं आणि खोडून बेपर्वाई केलं. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळणार नाही, म्हणून मीच सांगते. त्यांनी अहवाल बदलायला नकार दिला आहे. तुझी जागा गेली, ती परत आणणं माझ्या हातात राहिलेलं नाही. पेपर मागे घेतला गेला तर प्रयोगशाळाही बहुधा बंद होईल, तेव्हा परत बोलवायला जागाही नसेल. तुझ्या बाजूने बघितलं तर माझ्यासाठी काही करण्याचं एकही कारण सापडत नाही. मी दोनदा शोधलं.

तरी मागते. सगळं पुन्हा एकदा करायचं आहे, आणि मोजणारं माणूस मी नको. या शनिवारी दुपारी एकनंतर आणि रविवारी सकाळी, असे दोन दिवस. टेबल नव्या खोलीत हलवलं आहे. मी अंड्यांवर काही लिहिणार नाही. पिसायचं तू, मणी मोजायचे तू, कुठलं कुठलं ते माझ्यापासून लपवून ठेवायचं तेही तूच. मी नुसत्या खिडक्या पाडीन आणि तू देशील तो थेंब सोडीन. निकालावर पहिली सही तुझी, माझी तुझ्याखाली, आणि ती तू खोडलीस तरी चालेल.

तू नाही म्हणशील. म्हणायलाही हवंस. मी शनिवारी इनक्युबेटर अडतीसवर लावून दार उघडं ठेवीन आणि चारपर्यंत थांबेन.

येशील का?"